विश्लेषण : ‘आजच्या दिवशी’ काय घडले? एकाच घटनेच्या दोन तारखा कशा असतात?

सकाळी चहाचा कप हातात असतानाच फोनवर सूचना येते : ‘आजचे दिनविशेष. पाच प्रश्न, दोन मिनिटे.’ चार पर्यायांपैकी एकावर बोट ठेवायचे, हिरवी खूण आली की पुढचा प्रश्न. पाचपैकी पाच मिळाले की गुणांचा स्क्रीनशॉट घरच्या ग्रुपवर जातो. स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या अनेकांचा दिवस याच प्रश्नमंजूषेने सुरू होतो. पण कधी कधी एकाच प्रश्नाला दोन ॲपवर दोन वेगळी उत्तरे ‘बरोबर’ ठरतात आणि वादाला तोंड फुटते. अशा वेळी एक बाजू चूक असेलच असे नाही. बहुतेकदा दोन्ही बाजूंनी वेगवेगळ्या दिनदर्शिका वापरलेल्या असतात आणि ते कोणीच सांगितलेले नसते.

प्रश्नात नेमके काय विचारले जाते?

दिनविशेषाच्या प्रश्नाचा साचा सोपा असतो. एक घटना, एक तारीख आणि एक वर्ष. यातील दोन गोष्टी द्यायच्या आणि तिसरी विचारायची. मात्र या तिन्ही गोष्टींत आधीच कोणीतरी निवड केलेली असते. तारीख कोणत्या दिनदर्शिकेची? वर्ष कोणत्या महिन्यापासून मोजले? घटना घडली त्या गावची वेळ धरली की आपली? आणि ‘पहिली’, ‘स्थापना’, ‘लागू’ अशा शब्दांचा अर्थ काय घेतला? पर्यायांच्या चार चौकटींत ही निवड दिसत नाही. उत्तर मात्र तिच्यावरच ठरते.

शिवजयंती १९ फेब्रुवारी की १ मार्च?

महाराष्ट्रासाठी सर्वात जवळचे उदाहरण शिवजयंतीचे. छत्रपती शिवाजी महाराजांची जन्मतिथी पूर्वी वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९, म्हणजे इसवी सन १६२७ मानली जात असे. पुढे भोरजवळच्या कारी गावातील जेधे देशमुखांच्या घराण्यातील शकावली लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि १९१६ मध्ये ती प्रसिद्ध झाली. तीत जन्माची नोंद फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, वार शुक्रवार अशी आहे. परमानंदाच्या ‘शिवभारत’ या समकालीन काव्यातील तिथी आणि राजस्थानात जोधपूर येथे सापडलेली जन्मकुंडली यांचाही तिला आधार मिळाला. ही तिथी इंग्रजी तारखेत १९ फेब्रुवारी १६३० अशी सांगितली जाते आणि राज्य सरकारची अधिकृत शिवजयंतीही त्याच दिवशी असते.

आता एक साधा प्रयोग करता येतो. चारशे वर्षे मागे जाणाऱ्या एखाद्या ॲपमध्ये १९ फेब्रुवारी १६३० हा दिवस उघडला, तर बहुतेक ठिकाणी मंगळवार दिसेल. शकावलीत तर शुक्रवार आहे. मग शकावली चुकली का? नाही. आजची दिनदर्शिका मागे नेली तर तो शुक्रवार १ मार्च १६३० रोजी येतो. १९ फेब्रुवारी आणि १ मार्च हा एकच दिवस आहे. पहिली तारीख तेव्हा इंग्रज वापरत असलेल्या जुन्या, म्हणजे ज्युलियन पद्धतीची आहे. दुसरी आज सगळे जग वापरते त्या ग्रेगोरियन पद्धतीची.

राज्याभिषेकाचेही तसेच आहे. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६ या तिथीसाठी ६ जून १६७४ ही तारीख रूढ आहे. आजच्या पद्धतीने तो दिवस १६ जून ठरतो. प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाचा वध झाला त्या दिवसाची प्रचलित तारीख १० नोव्हेंबर १६५९. तीही आजच्या पद्धतीने २० नोव्हेंबर होते.

हा दहा दिवसांचा फरक आला कोठून?

ज्युलियस सीझरच्या काळापासून युरोपात वर्ष सरासरी ३६५ दिवस आणि सहा तासांचे धरले जाई. म्हणून दर चार वर्षांनी लीप वर्ष. प्रत्यक्षात ऋतूंचे वर्ष त्याहून सुमारे ११ मिनिटांनी लहान आहे. ११ मिनिटे किरकोळ वाटतात, पण साठत गेली की सुमारे १२८ वर्षांत एक पूर्ण दिवस होतो. सोळाव्या शतकापर्यंत वसंतसंपात २१ मार्चवरून सरकत ११ मार्चच्या आसपास आला होता. ईस्टरचा सण त्यावर अवलंबून असल्याने चर्चची अडचण झाली.

पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८२ मध्ये सुधारणा केली. ४ ऑक्टोबर १५८२ नंतरचा दिवस थेट १५ ऑक्टोबर मोजला गेला. पुढे दिवस पुन्हा साठू नयेत म्हणून ४०० ने भाग न जाणारी शतकवर्षे लीप धरायची नाहीत, असा नियम झाला. त्यामुळे १७००, १८०० आणि १९०० ही लीप वर्षे नव्हती. २००० मात्र होते.

स्पेन, पोर्तुगाल यांसारख्या कॅथलिक देशांनी हा बदल लगेच घेतला. प्रोटेस्टंट इंग्लंडने पोपचे ऐकायला १७० वर्षे लावली. ब्रिटन आणि त्याच्या वसाहतींत २ सप्टेंबर १७५२ नंतरचा दिवस १४ सप्टेंबर धरण्यात आला. तोपर्यंत फरक ११ दिवसांचा झाला होता. रशियात तर हा बदल १९१८ मध्ये झाला. तेव्हा फरक १३ दिवसांचा होता.

याचा परिणाम आपल्या किनाऱ्यावरही दिसतो. सतराव्या शतकात गोव्यातील पोर्तुगीज कागदांवर नवी तारीख असे, तर सुरत आणि मुंबईतील इंग्रजांच्या पत्रांवर जुनी. एकाच दिवशी लिहिलेल्या दोन पत्रांत दहा दिवसांचे अंतर दिसू शकते. मराठी कागदांत शक किंवा शुहूर सन, फारसी कागदांत हिजरी सन. शिवकालाचा अभ्यासक आधी हे सगळे एका रेषेत आणतो, मगच कोणती घटना आधी आणि कोणती नंतर हे ठरवतो.

मराठ्यांच्या इतिहासाच्या इंग्रजी तारखा ठरल्या तेव्हा इंग्रज वखारींच्या नोंदी हा मोठा आधार होता. त्यामुळे १७५२ पूर्वीच्या घटना जुन्या पद्धतीने सांगण्याची प्रथा रुजली. प्रथा चुकीची नाही. फक्त ती प्रथा आहे हे माहीत हवे.

वर्षातही घोळ होतो का?

होतो. इंग्लंडमध्ये १७५२ पूर्वी कायदेशीर वर्ष १ जानेवारीला नव्हे, तर २५ मार्चला सुरू होई. शिवाजी महाराजांनी सुरत पहिल्यांदा लुटली ती जानेवारी १६६४ मध्ये. पण तेव्हाच्या इंग्रजी हिशेबाने १६६३ साल अजून संपलेलेच नव्हते. जॉर्ज वॉशिंग्टन यांचा जन्म त्यांच्या काळातील नोंदीप्रमाणे ११ फेब्रुवारी १७३१ चा. आज अमेरिका तो २२ फेब्रुवारी १७३२ मानते. ११ दिवस आणि एक वर्ष, दोन्ही बदलले.

शकाचे इसवी सनात रूपांतर करतानाही अशीच चूक होते. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, हे शाळेत शिकवले जाते. शके १५९६ मध्ये ७८ मिळवले की १६७४, राज्याभिषेकाचे वर्ष बरोबर येते. पण शके १५५१ मध्ये ७८ मिळवले तर १६२९ येते, १६३० नव्हे. कारण शकाचे वर्ष गुढीपाडव्याला सुरू होते. फाल्गुन हा त्याचा शेवटचा महिना असल्याने तोपर्यंत इंग्रजी वर्ष बदललेले असते. जानेवारी ते पाडवा या काळातील घटनेसाठी ७९ मिळवावे लागतात.

तिथीने साजरे करणाऱ्यांचे म्हणणे काय?

जन्माची मूळ नोंद तिथीची आहे, तेव्हा जयंतीही तिथीनेच असावी, असे त्यांचे म्हणणे. फाल्गुन वद्य तृतीया २०२४ मध्ये २८ मार्चला आली, २०२५ मध्ये १७ मार्चला. चांद्रमासाचे वर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असते आणि अधिक मासाने ते अधूनमधून सावरले जाते, म्हणून तिथी इंग्रजी महिन्यात मागेपुढे होते. तारखेचा आग्रह धरणाऱ्यांचे म्हणणे असे की, सगळ्या राज्याने आणि जगाने एकाच दिवशी उत्सव करायचा तर ठरलेली तारीख सोयीची. ही निवड परंपरा आणि सोय यांतील आहे. शिवाजी महाराजांचा जन्म कधी झाला याबद्दल या दोन गटांत मतभेद नाही, हे वादाच्या गदारोळात विसरले जाते.

आणखी एक बारकावा आहे. पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो, इंग्रजी तारीख मध्यरात्री, तर हिजरी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. पहाटे किंवा रात्री घडलेली घटना म्हणूनच वेगवेगळ्या साधनांत एका दिवसाने पुढेमागे दिसते.

जगप्रसिद्ध ‘योगायोग’ कितपत खरे?

‘गॅलिलिओ गेला त्याच वर्षी न्यूटन जन्मला’ हे क्विझमधील आवडते वाक्य. गॅलिलिओचा मृत्यू ८ जानेवारी १६४२ चा, न्यूटनचा जन्म २५ डिसेंबर १६४२ चा. पण पहिली तारीख इटलीची, म्हणजे नव्या पद्धतीची. दुसरी इंग्लंडची, म्हणजे जुन्या पद्धतीची. दोन्ही नव्या पद्धतीने मोजल्या तर न्यूटनचा जन्म ४ जानेवारी १६४३ ला येतो आणि योगायोग उरत नाही.

२३ एप्रिल हा जागतिक पुस्तक दिन. युनेस्कोने तो १९९५ मध्ये ठरवला. शेक्सपिअर आणि सर्व्हान्टिस हे दोन महान लेखक २३ एप्रिल १६१६ या एकाच दिवशी गेले, असे सांगितले जाते. तारीख सारखी असली तरी दिवस एक नव्हता. स्पेनमध्ये नवी दिनदर्शिका होती, इंग्लंडमध्ये जुनी. शेक्सपिअरचा मृत्यू आजच्या हिशेबाने ३ मे रोजी झाला. सर्व्हान्टिस तर २२ एप्रिललाच गेले आणि २३ ला त्यांचे दफन झाले, असे अभ्यासक मानतात.

रशियातील ‘ऑक्टोबर क्रांती’चा वर्धापन दिन ७ नोव्हेंबरला का, याचेही उत्तर हेच. जुन्या पद्धतीने तो दिवस २५ ऑक्टोबर १९१७ होता.

चंद्रावर पहिले पाऊल २० जुलैला की २१ जुलैला?

येथे दिनदर्शिका एकच आहे, पण घड्याळ वेगळे. नील आर्मस्ट्राँग यांनी चंद्रावर पाऊल ठेवले तेव्हा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर २० जुलै १९६९ चे रात्रीचे १०.५६ वाजले होते. भारतात तेव्हा २१ जुलैची सकाळ होती, ८ वाजून २६ मिनिटे. यान उतरले तो क्षणही भारतीय वेळेनुसार २१ जुलैच्या पहाटे १.४७ चा. अमेरिकी साधनांवरून केलेल्या प्रश्नमंजूषेत २० जुलै हे उत्तर येते. जागतिक प्रमाणवेळेनुसार यान २० जुलैला उतरले, पण पाऊल पडले ते २१ जुलैला. प्रश्नात ‘अमेरिकी वेळेनुसार’ एवढे दोन शब्द घातले तर वाद मिटतो.

‘पहिला’ या शब्दात सापळा कसा?

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे या ३४ किलोमीटरच्या मार्गावर रेल्वे धावली. ‘भारतातील पहिली रेल्वे’ असा प्रश्न दरवर्षी या दिवशी हमखास येतो. पण रूरकी येथे कालव्याच्या बांधकामासाठी माती वाहून नेणारी वाफेची गाडी १८५१ मध्येच धावली होती. मद्रासजवळच्या रेड हिल्स येथील मालवाहतुकीचा मार्ग त्याहूनही जुना. त्यामुळे १६ एप्रिलच्या प्रश्नात ‘पहिली प्रवासी रेल्वे’ असे लिहिणे आवश्यक ठरते.

चित्रपटाचेही तसेच. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ गिरगावातील कोरोनेशन थिएटरमध्ये ३ मे १९१३ रोजी प्रदर्शित झाला. निमंत्रितांसाठी त्याचा खेळ त्याआधी २१ एप्रिलला ऑलिम्पिया थिएटरमध्ये झाला होता. आणि दादासाहेब तोरणे यांचा ‘श्री पुंडलिक’ कोरोनेशनमध्येच १८ मे १९१२ रोजी दाखवला गेला होता. तो रंगमंचावरील नाटकाचे चित्रण होता, म्हणून ‘पहिला भारतीय कथापट’ हा मान सहसा ‘राजा हरिश्चंद्र’ला दिला जातो. ‘पहिला’ म्हणजे काय हे ठरवल्याशिवाय तीन तारखांपैकी एकही निवडता येत नाही.

क्रियापदही महत्त्वाचे. राज्यघटना २६ नोव्हेंबर १९४९ रोजी ‘स्वीकारली’ गेली आणि २६ जानेवारी १९५० रोजी ‘अमलात आली’. ‘राज्यघटना कधी तयार झाली?’ असा सैल प्रश्न विचारला की दोन्ही गट हिरिरीने भांडतात. मराठीच्या दोन दिवसांची गल्लतही दरवर्षी होते. २७ फेब्रुवारी, म्हणजे कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, हा मराठी भाषा गौरव दिन. मराठी राजभाषा दिन मात्र १ मे रोजी असतो. शुभेच्छांच्या संदेशांत ही नावे सर्रास उलटसुलट लिहिली जातात आणि तेथूनच ती प्रश्नमंजूषांत शिरतात.

पानिपतची लढाई संक्रांतीला झाली का?

पानिपतचे तिसरे युद्ध १४ जानेवारी १७६१ चे. आज १४ जानेवारी म्हटले की संक्रांत आठवते. त्यामुळे ‘ऐन संक्रांतीच्या दिवशी मराठ्यांवर संक्रांत कोसळली’ असे वाक्य भाषणांत आणि संदेशांत वाचायला मिळते. येथे तारीख बरोबर आहे, चूक सणाची आहे.

मकर संक्रांत सूर्याच्या नक्षत्रांमधील स्थानावर ठरते. ऋतूंवर बेतलेल्या ग्रेगोरियन वर्षापेक्षा हे वर्ष थोडे मोठे असल्याने संक्रांत हळूहळू पुढे सरकते. अलीकडे ती काही वर्षी १५ जानेवारीला येते, तेही त्यामुळेच. मागे जावे तशी ती आधीच्या तारखेला सापडते. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि त्या वर्षी संक्रांत त्याच दिवशी होती. त्याच हिशेबाने आणखी १०२ वर्षे मागे गेल्यास १७६१ ची संक्रांत १० जानेवारीच्या सुमारास येते. म्हणजे लढाई झाली तेव्हा संक्रांत होऊन गेली होती. आजचे कॅलेंडर डोळ्यांसमोर ठेवून अडीचशे वर्षांपूर्वीचा सण ठरवला की असे होते.

परीक्षार्थींना याचा फटका कसा बसतो?

घरच्या ग्रुपवर चुकलेल्या उत्तराने फार तर थट्टा होते. स्पर्धा परीक्षेत एका गुणाने यादीतील स्थान बदलते आणि चुकीच्या उत्तराला गुण वजाही होतात. राज्य लोकसेवा आयोग परीक्षेनंतर पहिली उत्तरतालिका प्रसिद्ध करतो, ठरलेल्या मुदतीत हरकती मागवतो आणि त्यांचा विचार करून अंतिम उत्तरतालिका काढतो. या हरकतीला पुराव्याची जोड द्यावी लागते. ‘ॲपवर असेच होते’ हा पुरावा होत नाही. पाठ्यपुस्तक, शासकीय प्रकाशन किंवा मान्यताप्राप्त संदर्भग्रंथातील पानच कामी येते.

रोजच्या प्रश्नमंजूषांतून तयारी करणाऱ्याची खरी अडचण येथे आहे. तेथे उत्तर मिळते, पण ते कोठून आले हे कळत नाही. एका ठिकाणची चूक दुसरीकडे उतरवली जाते, तेथून तिसरीकडे. दहा ठिकाणी एकच तारीख दिसली म्हणजे दहा पुरावे झाले असे नाही. मूळ साधन एकच असू शकते आणि तेच चुकलेले असू शकते.

मग तपासायचे कसे?

काही साध्या सवयी पुरेशा आहेत. घटना १७५२ पूर्वीची आणि मराठ्यांच्या किंवा इंग्रजांच्या इतिहासातील असेल, तर तारीख बहुधा जुन्या पद्धतीची आहे असे धरावे. नव्या पद्धतीत नेण्यासाठी सतराव्या शतकातील तारखेत १० दिवस मिळवावेत. १७०० च्या फेब्रुवारीनंतर १७५२ पर्यंत ११ मिळवावेत. परीक्षेत मात्र रूढ तारीखच लिहावी. म्हणजे शिवजन्मासाठी १९ फेब्रुवारी १६३०, राज्याभिषेकासाठी ६ जून १६७४.

मूळ नोंदीत वार दिला असेल तर तो जरूर पडताळावा. तिथी, तारीख आणि वार ही तिन्ही जुळली तरच तारीख पक्की. इतिहास संशोधक जंत्री घेऊन शंभर वर्षांपूर्वीपासून हेच करत आले आहेत. आता तेच काम फोनवर मिनिटभरात होते. परदेशातील घटना असेल तर तेथील वेळ पाहावी. प्रश्नात ‘पहिला’, ‘स्थापना’, ‘लागू’ असे शब्द आले की पर्याय निवडण्याआधी तो शब्द पुन्हा वाचावा.

प्रश्न तयार करणाऱ्यांकडूनही दोन अपेक्षा रास्त आहेत. उत्तराखाली एका ओळीत आधार द्यावा, आणि दोन तारखा प्रचलित असतील तर त्या दोन्ही चार पर्यायांत ठेवू नयेत. एवढे झाले तर सकाळच्या दोन मिनिटांत पाच गुणांबरोबर ती तारीख कशी ठरली, हेही वाचकाला कळेल. १९ फेब्रुवारी १६३० ला ॲप मंगळवार का दाखवते, हे ज्याला सांगता येते, त्याला शिवजन्माची तारीख वेगळी पाठ करावी लागत नाही.